सोडचिठ्ठीचा कागद आणि कॅनडाची फाईल

२०२२ च्या जूनमध्ये, कपाशीच्या लागवडीची धांदल सुरू असताना, अमळनेर तालुक्यातले एक आप्पा लेकीला घेऊन माझ्या ऑफिसात आले. मी अमळनेरला वकिली करते. वाटणीचे दावे, पोटगी, वारस नोंदी हे माझं रोजचं काम. आप्पांचं काम मात्र कॅनडाचं होतं. त्यांचा जावई पारोळा तालुक्यातला. २०१६ ला शिकायला गेला, २०२० मध्ये तिथला कायम रहिवासी झाला, आता ओंटारिओत ब्रॅम्प्टनला राहून ट्रक चालवतो. लग्न फेब्रुवारी २०२२ मध्ये झालं. तीन आठवडे राहून तो परत गेला, मुलगी सासरी सासू-सासऱ्यांपाशी राहिली. बायकोला प्रायोजित करून नेण्याचा अर्ज भरायचा होता आणि तो एका रकान्यात अडकला होता. रकाना विचारत होता: याआधी लग्न झालं होतं का?

झालं होतं. २०१४ मध्ये, शिरपूर तालुक्यात. पहिल्या वर्षातच मारहाणीला कंटाळून ती माहेरी आली, ती परत गेली नाही. २०१६ मध्ये दोन्हीकडचे पंच बसले आणि सोडचिठ्ठी झाली. मुलगी आणि जावई, दोघांच्या संमतीने मी हे प्रकरण लिहिते आहे, नावं मात्र कुणाचीच देत नाही.

आप्पा आधी एका एजंटाकडे जाऊन आले होते. एजंटाचा सल्ला सोपा होता: सोडचिठ्ठी कोर्टाची नाही, म्हणजे ते लग्न कुठल्याच दप्तरात नाही, मग रकान्यात 'नाही' लिहा आणि मोकळे व्हा. फॉर्म तुमच्याच नावाने भरू, माझं नाव कुठे येणार नाही. हे शेवटचं वाक्य ऐकलं तेव्हाच मी आप्पांना त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका म्हणाले. कॅनडाच्या कायद्यात पैसे घेऊन असा सल्ला तिथला वकील, क्युबेकचा नोटरी किंवा परवानाधारक सल्लागारच देऊ शकतो आणि त्याचं नाव अर्जात वेगळ्या फॉर्मवर जाहीर करावं लागतं. नाव लपवणारा माणूस चूक झाल्यावर सापडत नाही, सही मात्र तुमची असते. आणि खोटी माहिती दिल्याचं ठरलं, तर अर्जदारावर पाच वर्षांची बंदी येते.

शिवाय ते खोटं टिकणारही नव्हतं. दुसऱ्या लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत झाली होती. १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली जो नमुना 'ड' भरतात, त्यात लग्नाच्या वेळची स्थिती लिहावी लागते. ग्रामसेवकाने तिच्या नावापुढे 'घटस्फोटित' असं स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे एजंटाच्या फॉर्मला तिच्याच फाईलमधला कागद खोटं पाडणार होता.

आप्पांना मात्र मुळात अडचण काय आहे तेच कळेना. "सम्दा गावले माहीत शे, ताई. आखो कागद कसाले जोयजे?"

गावाला माहीत होतं, यात शंका नाही. पहिल्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं, त्याला दोन मुलं झाली, कुणी बोट दाखवलं नाही. हिचं लग्न लागलं तेव्हा पहिल्या सासरचा एक पंच अक्षता टाकायला आला होता. पण अर्ज तपासणारा अधिकारी आपल्या गावातला नाही. त्याला पारावर बसवून कुणी समजावून सांगणार नाही. त्याच्यासमोर येईल तो फक्त कागद.

आणि तो कागद असा होता. शंभर रुपयांचा स्टॅम्प, चौघडी घालून इतकी वर्षं पत्र्याच्या पेटीत ठेवलेला, त्यामुळे घडीवरची अक्षरं पुसट झालेली. वर मजकूर निळ्या शाईत: राजीखुशीने काडीमोड केली, देणंघेणं मिटलं, यापुढे तिने कुणाशीही संसार मांडावा, आमची हरकत नाही. खाली नवऱ्याची सही, तिचा अंगठा. दहावी झालेल्या मुलीचा अंगठा का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "पंचांनी शाई पुढे केली, मी अंगठा दिला. सही कुणी मागितलीच नाही." त्याखाली पाच पंच. आणि एक गोष्ट मी भिंग लावून दोनदा पाहिली. मजकुरात तारीख १२ मे होती, मागच्या बाजूला मुद्रांक विक्रेत्याच्या शिक्क्यावर १९ मे. बैठक आधी झाली होती, स्टॅम्प आठवड्याने तालुक्याहून आणून त्यावर जुनीच तारीख टाकली होती. गावात हे सर्रास चालतं. परक्या नजरेला मात्र तो बनावट कागद वाटेल.

त्यात तिसरी भर नावाची. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव. पहिल्या लग्नात सासरच्यांनी पहिलं नावच बदललं होतं, म्हणून सोडचिठ्ठीवर दुसरंच नाव. नव्या विवाह प्रमाणपत्रावर पुन्हा दाखल्यावरचं नाव, पण मधलं नाव आणि आडनाव नव्या नवऱ्याचं. म्हणजे एका बाईची तीन नावं. सोडचिठ्ठी ज्या नावाची आहे ती बाई हीच, हे सिद्ध करणारा एकही कागद घरात नव्हता.

आता कायद्याचं. कॅनडाच्या नियमात परदेशात लागलेलं लग्न तेव्हाच लग्न, जेव्हा ते लागलं तिथल्या कायद्यानेही वैध असेल आणि कॅनडाच्या कायद्यानेही. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ प्रमाणे लग्नाच्या वेळी दोघांपैकी कुणाचाही पहिला जोडीदार हयात असता कामा नये, म्हणजे आधीचं लग्न मोडलेलं हवं. ते न्यायालयाबाहेर मोडू शकतं का? लोक सरसकट 'नाही' म्हणतात, ते चूक आहे. याच कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीने मिळणारा घटस्फोटाचा हक्क राखून ठेवला आहे. आमच्याकडच्या अनेक समाजांत सोडचिठ्ठी आणि त्यानंतरचा पाट, म्हणजे बाईचं दुसरं लग्न, पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पण रूढी आहे असं नुसतं म्हणून भागत नाही. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रूढीचा घटस्फोट हा कायद्याला अपवाद आहे, तो दाव्यात स्पष्टपणे मांडून पुराव्याने सिद्ध करावा लागतो. नोटरीचा शिक्का हा तो पुरावा नव्हे. या कागदावर तर तोही नव्हता.

पुढे दोन वाटा होत्या आणि कोणती धरायची यावर मी तीन आठवडे घालवले.

एक वाट म्हणजे पहिल्या नवऱ्यासोबत कलम १३ब खाली संमतीने घटस्फोट घ्यायचा. वेगळं राहून एक वर्ष व्हावं लागतं, इथे सात वर्षं होत आली होती. सहा महिन्यांची थांबण्याची मुदत न्यायालय माफ करू शकतं, असं अमरदीप सिंह प्रकरणात २०१७ मध्येच ठरलं आहे. वाट लवकरची होती. पण आज घटस्फोट मागायचा म्हणजे पहिलं लग्न आजवर शाबूत होतं असं स्वतःच लिहून देणं. मग फेब्रुवारीतलं लग्न कलम ११ खाली अवैध. नवऱ्याशी पुन्हा लग्न लावा, पुन्हा नोंदवा, आणि त्याने तिकडे जिथे जिथे 'विवाहित' लिहिलं असेल तिथे तिथे खुलासा करत बसा. वर द्विभार्या-द्विपतीच्या गुन्ह्याची टांगती तलवार, तीही त्या मुलीवर, जिने गावाच्या रीतीने सगळं उजळ माथ्याने केलं होतं.

दुसरी वाट म्हणजे २०१६ च्या सोडचिठ्ठीने लग्न मोडलं आहे असा ठराव न्यायालयाकडून मागायचा. ही वाट लांबची होती आणि रूढी सिद्ध झाली नाही तर सगळंच कोसळणार होतं. तरी मी हीच धरायला सांगितली. कारण खरं हेच होतं. ती २०१६ पासून मोकळी होती, गावाने तिला मोकळं मानलं होतं, न्यायालयाने फक्त ते नोंदवायचं होतं. जावयाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वर्ष जाईल ना, ताई?" मी म्हटलं, जास्तही जाईल.

ऑगस्ट २०२२ मध्ये दावा लावला. पहिला नवरा प्रतिवादी. समन्स गेल्यावर त्याच्या घरी घबराट झाली, भाऊ भांडायला आला. त्याला समजावून सांगितलं की हा कागद टिकला नाही तर तुमच्या भावाचं दुसरं लग्नही अडचणीत येईल. मग तो स्वतः हजर झाला आणि लेखी कबुली दिली. पण नुसत्या कबुलीवर असा ठराव मिळत नाही, आणि मिळूही नये. दोघांनी संगनमत करून कोर्टाला कागदावर सही मारायला लावली, असं होऊ नये ही काळजी न्यायालय घेतंच. म्हणून रूढीचा पुरावा गोळा केला. पाच पंचांपैकी तिघे हयात होते, त्यांची साक्ष झाली. समाजातली १९८० च्या दशकातली दोन जुनी सोडचिठ्ठीपत्रं सापडली. त्यांतल्या एका बाईचा पुढे पाट लागला होता, तिचा मुलगा आज शिक्षक आहे, तो साक्षीला उभा राहिला. आपल्या आईचं दुसरं लग्न हे त्याने भर कोर्टात मान वर करून सांगितलं. त्या दिवशी मला उलटतपासणीची चिंता उरली नाही.

तारखेचा घोळ आम्ही लपवला नाही. पहिल्या साक्षीतच विचारून घेतला: बैठक १२ ला, स्टॅम्प १९ ला, का? ऐंशीच्या घरातले ते आबा म्हणाले, "स्टॅम्प आणाले गाडीभाडं कोण देई यावरच आठ दिन गयात." नावांसाठी तिचं प्रतिज्ञापत्र आणि पहिल्या नवऱ्याचा जबाब, की दोन्ही नावं याच बाईची. मार्च २०२४ मध्ये ठराव मिळाला: हे लग्न मे २०१६ मध्ये रूढीप्रमाणे विसर्जित झालेलं आहे. अपिलाची मुदत जाऊ दिली, मगच कॅनडाच्या अर्जाला हात घातला. तो जावयाने स्वतः भरला. माझ्याकडे फक्त इथल्या कागदांची जुळणी होती.

मला वाटलं होतं की आता अवघड भाग संपला. नव्हता संपला.

कॅनडाच्या नियमात एक कसोटी अशी आहे की लग्न मुख्यतः कायम रहिवास मिळवण्यासाठी केलेलं नसावं आणि ते खरंही असावं. दोन्हींपैकी एकातही नापास झालं तर अर्ज जातो. नात्याची माहिती देण्याचा जो फॉर्म आहे, आयएमएम ५५३२, त्यात विचारतात: कसे भेटलात, लग्नाला कोण कोण होतं, समारंभ काय झाले, दोन्ही घरांना माहीत आहे का. अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढचं भारतीय लग्न म्हणजे हळद, वरात, मंडप, शेकडो माणसं. हिचं लग्न मंदिराच्या ओट्यावर, साठ-सत्तर माणसांत, दुपारी एका तासात उरकलेलं. वाजंत्री नाही, वरात नाही, फोटोवाला नाही. मोबाईलवरचे एकेचाळीस फोटो, त्यात अर्धे जेवणाच्या पंगतीचे.

यात संशय घेण्यासारखं काही नाही हे खान्देशातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. पूर्वी पाट रात्रीच लागायचा, गाजावाजा न करता. आज रात्रीचा नेम राहिला नाही, पण बाईच्या दुसऱ्या लग्नाला वाजंत्री लावायची नाही हा दंडक अजून मनातून गेलेला नाही. मला ही रीत मान्य नाही, पहिल्यांदा मार खाऊन आलेल्या मुलीने दुसऱ्यांदा गुपचूप का म्हणून बोहल्यावर चढावं? पण फाईलमध्ये माझं मत चालत नाही. तिथे रीत काय आहे ते सांगावं लागतं. म्हणून जावयाने दोन पानांचं निवेदन लिहिलं: आमच्या भागात घटस्फोटितेचं लग्न असंच होतं, का होतं, आणि माझ्या आईने हे लग्न कसं जुळवलं. एकेचाळीसपैकी अठरा फोटो निवडले, प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि त्यात कोण आहे ते लिहिलं.

सगळ्यांत बोलका फोटो लग्नाचा नव्हताच. तो २०२३ च्या कानबाईचा, म्हणजे खान्देशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाचा होता. त्या वर्षी अधिक श्रावण आल्याने कानबाई ऑगस्टच्या शेवटाला आली, जावयाने सुट्टी त्याप्रमाणे बदलून घेतली होती. फोटोत कानबाईच्या चौरंगापुढे सासू, दोन जावा आणि ही, चौघी रोटाचं ताट धरून बसल्या आहेत. कानबाईचा रोट भाऊबंदांतच खातात, बाहेरच्याला देत नाहीत. तिच्या हातात ते ताट आहे याचा अर्थ ती त्या कुळाची सून आहे. त्याखाली आम्ही हे सगळं चार ओळींत लिहिलं. दुसरा फोटो २०२४ च्या आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, माहेरी झोक्यावर, सोबत व्हिडिओ कॉलवर नवरा. आखाजीला सासुरवाशिणीच माहेरी येतात, हेही लिहिलं. यांच्या जोडीला सासरच्या शिधापत्रिकेत चढवलेलं तिचं नाव, आधारवरचा बदललेला पत्ता, त्याच्या तीन फेऱ्यांचे बोर्डिंग पास, दरमहा तिच्या खात्यात आलेले पैसे, आणि त्याच्या कंपनीच्या विम्यात लाभार्थी म्हणून तिचं नाव. संदेशांचे गठ्ठे मात्र टाकले नाहीत. दर दोन-तीन महिन्यांतलं एखादं पान पुरतं.

भाषांतराने एक दिवस खाल्ला. इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेल्या प्रत्येक कागदाचं भाषांतर लागतं आणि ते घरच्या माणसाने केलेलं चालत नाही. बाहेरच्या भाषांतरकाराने 'काडीमोड केली' याचं शब्दशः 'काडी मोडली' असं करून दिलं होतं. वाचणाऱ्याला वाटलं असतं, हे काय लाकडाचं भांडण आहे? दुरुस्त करून घेतलं आणि तळटीप घातली की हा आमच्याकडे लग्न मोडल्याचा शब्द आहे.

याच दिवसांत एकदा ती एकटीच आली. आप्पा बाहेर रसवंतीवर थांबले होते. तिने विचारलं, "ताई, तिथं गेल्यावर त्यांनी घराबाहेर काढलं, तर मला परत पाठवतील का?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला दुसऱ्या कुणीही विचारला नव्हता, ना बापाने, ना नवऱ्याने. मी तिला माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. २०१२ च्या ऑक्टोबरपासून तिथे अशी अट होती की काही नवविवाहित प्रायोजित जोडीदारांनी दोन वर्षं एकत्र राहिलंच पाहिजे, नाहीतर रहिवास जाईल. मार सोसत राहणाऱ्या बायका त्या अटीत अडकतात म्हणून एप्रिल २०१७ मध्ये ती काढून टाकली. आता लग्न खरं असेल आणि माहिती खरी दिलेली असेल, तर पुढे संसार मोडला म्हणून रहिवास जात नाही. नवरा जी हमी लिहून देतो ती त्याला बांधते, तिला नाही: ती रहिवासी झाल्यापासून तीन वर्षं तिच्या मूलभूत गरजांची जबाबदारी त्याची, मधल्या काळात घटस्फोट झाला तरी. तिने सरकारी मदत घेतली तर ती फेडायची त्याने. आणि तिच्यावरचं एक बंधन: रहिवासी झाल्यापासून पाच वर्षं ती दुसऱ्या कुणाला जोडीदार म्हणून प्रायोजित करू शकणार नाही. तिने हे वहीत लिहून घेतलं, तारखेसकट. मग म्हणाली, "ते तसे नाहीत. पण पहिले पण तसे वाटले नव्हते."

जून २०२४ मध्ये अर्ज गेला. ३० एप्रिल २०२४ पासूनच्या दराने प्रायोजकाचे ८५, प्रक्रियेचे ५४५ आणि रहिवास हक्काचे ५७५, असे १,२०५ कॅनेडियन डॉलर, वर बोटांच्या ठशांचे ८५. जोडीदारासाठी उत्पन्नाची किमान रक्कम सहसा दाखवावी लागत नाही, प्रायोजक अपंगत्वाखेरीज इतर कारणासाठी सरकारी आधारावर जगत नसावा एवढंच. ठसे आणि वैद्यकीय तपासणी मुंबईला, खान्देश एक्स्प्रेसने एका फेरीत दोन्ही उरकलं.

मध्ये एकदाच पत्र आलं, आणि तेही आमच्याच चुकीमुळे. अर्जदाराच्या मागच्या दहा वर्षांचा महिन्या-महिन्याचा हिशेब मागणारा जो तक्ता आहे, त्यात २०१५ ते २०२१ हा काळ कोरा गेला होता. जावयाने विचारलं होतं, तेव्हा काय करत होतीस? ती म्हणाली, काहीच नाही. मला तिने सांगितलं तेव्हा कळलं की त्या 'काहीच नाही'मध्ये आप्पांच्या चार एकरांतली निंदणी, कापूस वेचणी, दोन म्हशी आणि रात्री शिलाई मशिनवर शिवलेले ब्लाऊज होते. तक्ता नव्याने भरला: शेतकाम, स्वतःच्या कुटुंबाच्या शेतात. शिवणकाम, घरून. एकही महिना रिकामा राहिला नाही. हा तक्ता भरणाऱ्या प्रत्येकाने घरातल्या बाईला दोनदा विचारावं.

मुलाखतीला बोलावलं नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात पासपोर्ट पाठवायला सांगणारा निरोप आला. आखाजी होऊन गेली होती, म्हणून सासूने तिला आणखी आठ दिवस माहेरी राहू दिलं.

जाताना तिने ठरावाच्या तीन सहीशिक्क्याच्या प्रती मागितल्या. दोन नेल्या, एक आप्पांच्या पत्र्याच्या पेटीत, जिथे सोडचिठ्ठी असायची तिथे. मूळ सोडचिठ्ठी अजून न्यायालयाच्या दप्तरात आहे.

तेव्हापासून माझ्याकडे अशा आणखी दोघी आल्या आहेत. परदेशी कुणालाच जायचं नाही. एकीला दुसऱ्या नवऱ्याच्या माघारी निवृत्तिवेतन हवं आहे आणि पहिल्या लग्नाचा कागद दाखवा म्हणून ते अडलं आहे. तिची सोडचिठ्ठी १९९१ ची. सातही पंच वारले आहेत. पहिला नवरा सुरतेकडे गेला तो कुठे आहे कळत नाही. त्या बैठकीला चहा नेणारा एक मुलगा होता, आज पंचेचाळिशीचा आहे, चोपड्याला गॅरेज चालवतो. या रविवारी त्याला भेटायला जाणार आहे.